गोलफरकाचा हिशेब : पेरूचे हुआन कार्लोस ओब्लितास

पेरू म्हटले की आपल्याकडे प्रथम फळ आठवते. मग भूगोलाच्या पुस्तकातील अँडीज पर्वत, लामा नावाचा प्राणी आणि इंका संस्कृती. आणि अगदी शेवटी, तेही ऐकणारा रसिक असलाच तर, फुटबॉल. ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन मातब्बर देशांच्या सावलीत वाढलेल्या पेरूचा फुटबॉल आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर क्वचितच उगवतो. तथापि या देशात एक असा खेळाडू झाला की ज्याची पुढची कारकीर्द नीट न्याहाळली तर फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या वाट्याला नेमके काय येते, याचा चांगला उलगडा होतो. त्यांचे नाव हुआन कार्लोस ओब्लितास. १९८२ च्या विश्वचषक स्पर्धेनंतर पेरूला पुन्हा त्या स्पर्धेत पाऊल ठेवण्यास ३६ वर्षे लागली. या ३६ वर्षांच्या आरंभी ओब्लितास मैदानावर होते, मध्यावर प्रशिक्षकाच्या बाकावर होते आणि अखेरीस कचेरीतल्या खुर्चीवर होते.

त्यांच्या कारकीर्दीत एक गोष्ट पुन:पुन्हा आडवी येते, ती म्हणजे गोलफरक. क्रिकेटमध्ये दोन संघांचे गुण समान झाले म्हणजे ‘नेट रनरेट’ काढतात आणि आपण सारे कागद-पेन्सिल घेऊन बसतो, तसाच हा प्रकार. संघाने केलेल्या गोलांतून त्याच्यावर झालेले गोल वजा करावयाचे. उरेल ती संख्या ज्याची मोठी, तो पुढे. हिशेब इयत्ता तिसरीचा, पण त्यावर देशच्या देश रडले आहेत.

ओब्लितास यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९५१ चा, दक्षिण पेरूतील आरेकिपा विभागातल्या मोयेन्दो या बंदरगावचा. खेळाची जागा डाव्या बगलेची, म्हणजे लेफ्ट विंगर. टोपणनाव मात्र ‘एल सिएगो’, म्हणजे आंधळा! दृष्टी अधू असल्यामुळे मित्रांनी दिलेले हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. आपल्याकडच्या वसतिगृहांतूनही जाड चष्म्याच्या मुलाला अशीच नावे पडतात, त्यामुळे आपल्याला याचे नवल वाटू नये. लिमा शहरातील ‘उनिव्हेर्सितारिओ’ हा त्यांचा पहिला मोठा क्लब. पुढे स्पेनमध्ये एल्चे, मेक्सिकोमध्ये व्हेराक्रूझ आणि बेल्जियममध्ये सेराँ अशा क्लबांतून ते खेळले. दक्षिण अमेरिकेतला खेळाडू युरोपात जाणे तेव्हा आजच्याइतके सर्रास नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९७५ साल हे पेरूच्या फुटबॉलमधील सोन्याचे साल. दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपद स्पर्धेला त्या वर्षी प्रथमच ‘कोपा अमेरिका’ हे नाव मिळाले. सामने एका देशात नव्हते, दोन्ही संघांच्या घरी आळीपाळीने होत. गटात चिलीविरुद्ध लिमामध्ये ओब्लितास यांनी पाठ जमिनीकडे करून, हवेत उलटे होत, डोक्यावरून मारलेल्या लाथेने एक गोल केला. या फटक्याला आपण सायकल किक म्हणतो. पेरूमध्ये त्याला ‘चालाका’ म्हणतात, कारण त्यांच्या मते तो कायाओ बंदरातल्या लोकांनी शोधला. चिलीमध्ये त्यालाच ‘चिलेना’ म्हणतात, कारण उघड आहे. १८७९ ते १८८३ या काळात या दोन देशांत युद्ध झाले, चिलीच्या फौजा लिमात शिरल्या आणि पेरूचा दक्षिणेकडील काही मुलूख कायमचा गेला. ते वैर पुढे एका लाथेच्या नावापर्यंत येऊन पोहोचले. तेव्हा तो गोल नेमका चिलीवर होणे, ही पेरूच्या दृष्टीने किती गोड गोष्ट असेल याची कल्पना करावी.

त्या स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पेरूने ब्राझीलला बेलो होरिझोन्ते येथे ३-१ असे हरविले, पण लिमात ०-२ अशी हार खाल्ली. दोन्ही सामने मिळून गोल समान झाले. तेव्हा चिठ्ठी काढली आणि ती पेरूच्या बाजूने निघाली! अंतिम फेरीत कोलंबियाशी एकेक विजय झाल्यावर तिसरा सामना काराकास येथे खेळविण्यात आला आणि ऊगो सोतिलच्या एकमेव गोलाने पेरू अजिंक्य ठरला. लिमातल्या दुसऱ्या अंतिम सामन्यातील २-० या विजयात पहिला गोल ओब्लितास यांचा होता. संघाचे प्रशिक्षक होते मार्कोस काल्देरोन. हे नाव पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आता १९७८. अर्जेंटिनातील विश्वचषक. पेरूने पहिल्या फेरीत स्कॉटलंडला ३-१ असे लोळविले, हॉलंडला ०-० असे रोखले आणि इराणचा ४-१ असा पराभव केला. तेओफिलो कुबियासने त्या स्पर्धेत पाच गोल केले. ज्या गटात पुढे उपविजेता ठरलेला हॉलंडचा संघ होता, त्या गटात पेरू पहिला आला. इथवर सारे उत्तम. दुसऱ्या फेरीत ब्राझीलकडून ०-३ आणि पोलंडकडून ०-१ असे दोन पराभव झाले व पेरूचे आव्हान संपले. उरला होता यजमान अर्जेंटिनाशी रोसारिओ येथील सामना, तारीख २१ जून.

त्या संध्याकाळी ब्राझीलचा पोलंडशी सामना आधी संपला होता, त्यामुळे अर्जेंटिनाला आपले गणित मैदानात उतरण्यापूर्वीच ठाऊक होते. अंतिम सामना गाठावयाचा तर पेरूला निदान चार गोलांच्या फरकाने हरवावयास हवे. आरंभी पेरूनेच हल्ले केले. मुन्यान्तेचा फटका खांबावर आदळला, ओब्लितास यांची एक संधी थोडक्यात हुकली. मध्यंतराला अर्जेंटिना २-० असा पुढे होता. नंतर सारा बांध फुटला आणि निकाल लागला ६-०. गोलफरकावर ब्राझील बाहेर, अर्जेंटिना अंतिम सामन्यात आणि पुढे विश्वविजेता.

या सामन्याविषयी संशयाचा धूर आजपर्यंत विरलेला नाही. अर्जेंटिनात तेव्हा जनरल व्हिदेला यांची लष्करी राजवट होती. सामन्याआधी व्हिदेला स्वतः पेरूच्या खेळाडूंच्या खोलीत येऊन गेले, असे त्या संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. पेरूचा गोलरक्षक रामोन किरोगा हा जन्माने रोसारिओचाच. आरोप पुष्कळ झाले, न्यायालयात टिकेल असा पुरावा पुढे आला नाही. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर, ज्यांचे आव्हान आधीच संपले आहे अशा अकरा थकलेल्या माणसांना चार गोल हवे असलेल्या यजमानासमोर त्याच्याच गर्दीत उभे करणे, एवढ्यानेही असा निकाल लागू शकतो. पण पेरूच्या त्या पिढीला हा डाग जन्मभर वागवावा लागला. खांबाला लागलेला तो फटका आत गेला असता तर, हा प्रश्न त्यांना अजून विचारला जातो.

१९८२ च्या स्पर्धेसाठी पेरूने उरुग्वेला त्याच्या घरात, मोंतेव्हिदेओमध्ये, २-१ असे हरवून पात्रता मिळविली. स्पेनला जाण्यापूर्वी युरोपच्या दौऱ्यात पॅरिस येथे फ्रान्सला १-० असे नमविले, तो गोल ओब्लितास यांचाच. त्यामुळे अपेक्षा फार वाढल्या होत्या. प्रत्यक्षात कॅमेरूनशी ०-० आणि त्या वर्षी विश्वविजेता ठरलेल्या इटलीशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि २२ जून रोजी ला कोरुन्या येथे पोलंडने ५-१ असा फडशा पाडला. पाचही गोल उत्तरार्धात झाले. पेरूचा एकुलता एक गोल गियेर्मो ला रोसाने केला, तोही पाच गोल झाल्यावर. त्या गोलाकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नसेल.

त्यानंतर १९८५ ची पात्रता फेरी. लिमात पेरूने अर्जेंटिनाला १-० असे हरविले. लुईस रेयना नावाच्या खेळाडूने त्या दिवशी मॅराडोनाची पाठ क्षणभरही सोडली नाही, म्हणून हा सामना प्रसिद्ध आहे. गोल मात्र ओब्लितास यांचा होता. आठवड्याने, ३० जून रोजी, ब्यूनोस आयर्स येथे परतीचा सामना झाला. पेरू २-१ असा पुढे होता. शेवटची दहा मिनिटे उरली असताना अर्जेंटिनाच्या रिकार्दो गारेका या उंच आघाडीवीराने गोलरेषेजवळ चेंडू आत ढकलला आणि २-२ अशी बरोबरी झाली. अर्जेंटिना मेक्सिकोला गेला, आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पेरू उरलेल्या जागेसाठीच्या सामन्यांत चिलीकडून हरून घरी बसला. गारेका हे नावही ध्यानात ठेवावे.

खेळणे थांबले आणि ओब्लितास प्रशिक्षक झाले. आपल्याकडे प्रशिक्षक म्हटले की शिट्टी घेऊन कवायत करून घेणारे गुरुजी डोळ्यांसमोर येतात. फुटबॉलमध्ये त्याचे काम त्याहून मोठे. अकरा जण तोच निवडतो, कोणी कोठे उभे राहावयाचे ते तोच ठरवितो, आणि हरल्यावर नोकरीही त्याचीच जाते. त्यांच्या पहिल्या यशाला मात्र गालबोट लागले. १९८७ च्या साखळी स्पर्धेत लिमाचाच ‘आलियान्सा लिमा’ हा संघ अग्रस्थानी होता. ८ डिसेंबर रोजी पुकाल्पा येथील सामना जिंकून परत येताना त्यांचे नौदलाचे विमान कायाओजवळ समुद्रात कोसळले. विमानातील ४४ जणांपैकी एकटा वैमानिक वाचला. गेलेल्यांत आलियान्साचे प्रशिक्षक मार्कोस काल्देरोन होते, म्हणजे १९७५ आणि १९७८ मध्ये ओब्लितास ज्यांच्या हाताखाली खेळले तेच. स्पर्धा पुढे चालू राहिली आणि ओब्लितास यांचा उनिव्हेर्सितारिओ विजेता ठरला. नव्या प्रशिक्षकाच्या नावावर पहिले अजिंक्यपद लागले ते असे.

पुढे ‘स्पोर्टिंग क्रिस्टल’ या क्लबला त्यांनी १९९१, १९९४ आणि १९९५ अशी तीन अजिंक्यपदे मिळवून दिली. या संघात नोल्बेर्तो सोलानो आणि रोबेर्तो पालासिओस यांसारखे तरुण होते. सोलानो पुढे इंग्लंडमधील न्यूकॅसलचा लाडका खेळाडू झाला. चेंडू पायात ठेवून, छोट्या छोट्या पासांनी पुढे सरकण्याची पेरूची जुनी रीत क्रिस्टलने जिवंत ठेवली. तेव्हा १९९६ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे ओब्लितास यांच्याकडे येणे स्वाभाविकच होते.

१९९८ च्या फ्रान्समधील स्पर्धेसाठी दक्षिण अमेरिकेत प्रथमच सर्व संघांची एकच मोठी साखळी झाली. ब्राझील विजेता म्हणून आधीच पात्र, उरलेल्या नऊ संघांनी प्रत्येकी १६ सामने खेळावयाचे आणि पहिल्या चौघांनी फ्रान्सला जावयाचे. तरुणांच्या या संघाने सर्वांना चकित केले. लिमात चिलीला २-१ असे हरविले, उरुग्वेलाही हरविले. शेवटचे दोन सामने उरले तेव्हा पेरूचे गुण होते २२ आणि चिलीचे १९. पुढला सामना सान्तियागो येथे चिलीशीच होता. बरोबरी झाली असती तर चिलीची वाट जवळजवळ बंद होती.

१२ ऑक्टोबर १९९७. पेरूचे राष्ट्रगीत शिट्ट्यांच्या कल्लोळात बुडाले. मार्सेलो सालासने तीन गोल केले, पेद्रो रेयेसने एक. ४-०. महिन्याभराने पेरूने पाराग्वेला लिमात १-० असे हरविले, चिलीने बोलिव्हियाला ३-० असे. दोघांचेही गुण २५. चिलीने गोल केले होते ३२ आणि खाल्ले होते १८. पेरूने केले १९ आणि खाल्ले २०. चिलीचा फरक अधिक चौदा, पेरूचा उणे एक. फ्रान्सला चिली गेला.

लोक म्हणतात, पेरू गोलफरकाने हुकला. अक्षरशः ते खरे आहे, पण हा हिशेब थोडा खोलात जाऊन पाहिला पाहिजे. चौदा आणि उणे एक यांतले अंतर एका सामन्यात भरून निघणारे नव्हते. तेव्हा सान्तियागोत चार गोल झाले की एक, याने काहीच बिघडत नव्हते. बिघडले ते हरण्याने. बरोबरीचा एक गुण पदरात पडता तर गोलांची मोजदाद करण्याची वेळच आली नसती. मग दोष कोणाचा? त्या रात्री बचावाचा बोजवारा उडाला हे उघड आहे, आणि बचाव उभा करणे हे प्रशिक्षकाचे काम, तेव्हा ओब्लितास यांना सोडून देता येणार नाही. परंतु ज्या संघाने १६ सामन्यांत फक्त १९ गोल केले, त्याला चौथ्या स्थानाच्या उंबरठ्यापर्यंत आणणारा माणूसही तोच होता. आधीच्या दोन पात्रता फेऱ्यांत पेरू इतका जवळ आला नव्हता आणि पुढच्या चार फेऱ्यांतही यावयाचा नव्हता. असे असूनही लोकांच्या लक्षात राहिले ते ४-० एवढेच. १९९९ च्या कोपा अमेरिकेत उपान्त्यपूर्व फेरीत मेक्सिकोशी ३-३ अशी बरोबरी होऊन पेनल्टीवर पराभव झाला, आणि त्याच वर्षी ओब्लितास यांची ही कारकीर्द संपली. नंतर इक्वेडोरमध्ये लिगा दे कितो या क्लबला त्यांनी २००५ च्या पहिल्या सत्राचे अजिंक्यपद मिळवून दिले. पण ‘गोलफरकाने हुकलेला प्रशिक्षक’ ही ओळख पुसली गेली नाही.

पुढली कित्येक वर्षे पेरूच्या पात्रता फेऱ्या म्हणजे नुसती रडकथा होती. ती येथे सांगण्यात अर्थ नाही.

२०१५ च्या आरंभी पेरूच्या फुटबॉल संघटनेत नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी ओब्लितास यांना फुटबॉल विभागाचे संचालक नेमले. म्हणजे संघ त्यांनी निवडावयाचा नव्हता, संघ निवडणारा माणूस निवडावयाचा होता. त्यांनी आणला रिकार्दो गारेका! तीस वर्षांपूर्वी ज्याच्या गोलाने पेरूची थेट वाट बंद केली, आणि तीही ओब्लितास यांच्या डोळ्यांदेखत, तोच गारेका. पेरूमध्ये यावरून बरीच कुजबुज झाली. पण गारेका यांनी त्याआधी उनिव्हेर्सितारिओला अजिंक्यपद मिळवून दिले होते, त्यांना पेरूच्या खेळाडूंची नाडी ठाऊक होती, आणि निवड करणाऱ्याने जुना गोल हिशेबात धरला नाही. प्रस्तुत लेखकाला तर ओब्लितास यांच्या साऱ्या कारकीर्दीत हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

प्रारंभ वाईट झाला. २०१८ च्या स्पर्धेसाठीच्या पहिल्या सहा सामन्यांत पेरूला जेमतेम चार गुण मिळाले. कोणत्याही देशात अशा वेळी प्रशिक्षकाचे सामान बाहेर ठेवतात. येथे ठेवले नाही. उलट २०१६ मध्ये गारेका यांनी क्लाउदिओ पिसारोसारख्या नामवंत वडीलधाऱ्यांना बाजूला सारून एदिसन फ्लोरेस, रेनातो तापिया अशा तरुणांना पुढे आणले. त्याच सुमारास आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. बोलिव्हियाने नियमात न बसणारा एक खेळाडू पेरू आणि चिली या दोघांविरुद्ध उतरविला होता. चिलीने तक्रार केली. जागतिक संघटनेने दोन्ही सामन्यांचे निकाल बदलून ३-० असे केले. चिलीची बरोबरी झाली होती, त्यामुळे त्यांना दोन गुण जास्तीचे मिळाले. पेरूची हार झाली होती, त्यामुळे त्यांना तीन! तक्रार चिलीची आणि मोठा लाभ पेरूचा.

संघाने मग वेग घेतला. पाराग्वेला त्याच्या घरी ४-१, उरुग्वेला लिमात २-१, इक्वेडोरला कितोच्या विरळ हवेत २-१, आणि ब्यूनोस आयर्समध्ये मेस्सीच्या अर्जेंटिनाशी ०-०. अखेरच्या दिवशी, १० ऑक्टोबर २०१७ ला, लिमात कोलंबियाशी १-१ अशी बरोबरी झाली. त्यातला पेरूचा गोलही गमतीचा. फ्री किक अप्रत्यक्ष होती, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी स्पर्श झाल्यावाचून गोल धरला जात नाही. पाओलो गेर्रेरोने ती सरळ गोलात मारली. गोलरक्षक ओस्पिनाने चेंडू सोडून दिला असता तर तो बाद ठरला असता, पण त्याने हात लावला. त्याच रात्री चिली ब्राझीलकडून ०-३ असा हरला.

मग पुन्हा तीच मोजदाद. पेरू २६ गुण, चिली २६ गुण. पेरूचे गोल २७, झालेले २६. चिलीचे गोल २६, झालेले २७. फरक पेरूचा अधिक एक, चिलीचा उणे एक. वीस वर्षांपूर्वीचाच हिशेब, फक्त फळ्यावरची नावे बदललेली. आणि गंमत अशी की त्या साखळीत पेरू चिलीकडून दोन्ही सामने हरला होता.

पाचव्या स्थानामुळे न्यूझीलंडशी दोन सामने खेळावे लागले. वेलिंग्टनला ०-०, आणि १५ नोव्हेंबर रोजी लिमात हेफेर्सोन फार्फान व ख्रिस्तियान रामोस यांच्या गोलांनी २-०. दुसऱ्या दिवशी सरकारने सुट्टी दिली.

रशियात पेरूचे हजारो लोक गेले. पहिल्या सामन्यात डेन्मार्कविरुद्ध क्वेव्हाने पेनल्टी वाया घालविली आणि ०-१ अशी हार झाली. फ्रान्सकडूनही ०-१. दोन सामन्यांत आव्हान संपले. तिसऱ्या सामन्यात, २६ जून २०१८ रोजी सोची येथे, ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंद्रे कारियोने अठराव्या मिनिटाला चेंडू हवेतल्या हवेत टोलवून गोल केला. ला कोरुन्याला ला रोसाने केलेल्या त्या दुर्लक्षित गोलानंतर विश्वचषकात पेरूचा हा पहिला गोल. दुसरा गेर्रेरोने केला. पेरूच्या बाकावर गारेका यांच्या साहाय्यकांत सोलानो होता, म्हणजे १९९७ मध्ये हुकलेल्या संघातला, ओब्लितास यांचा क्रिस्टलमधला पोरगा.

पुढल्या वर्षी कोपा अमेरिकेच्या उपान्त्य सामन्यात पेरूने चिलीला ३-० असे हरविले आणि अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हार पत्करली. २०२२ च्या विश्वचषकाची वाट ऑस्ट्रेलियाने पेनल्टीवर अडविली आणि त्यानंतर गारेका गेले. २०२६ च्या पात्रता फेरीत दहा संघांत पेरू नववा आला, १२ गुणांवर. चिली दहावा, ११ गुणांवर. या वेळी गोल मोजावे लागले नाहीत.